सोमवारी रविवर्म्यासमोर बसू द्या

“नक्कल कसली करताय, स्वतःचं काहीतरी काढा,” असं नोएडातल्या आमच्या सोसायटीत जो-तो मला सांगतो. मला ते अजिबात पटत नाही. साठीनंतर तैलरंग हातात घेतले आणि समोर ठेवली रविवर्म्याची शकुंतला, पायातला काटा काढायचं निमित्त करून मागे वळून पाहणारी. नुसतं बघताना तिची नजरच तेवढी दिसते. काढायला बसलं की कळतं, तिचा सगळा तोल सखीच्या खांद्यावर टेकलेल्या हातात आहे. तो खांदा बोटभर सरकला तरी शकुंतला पडते! हे कुठल्याही व्याख्यानात समजलं नसतं.

थोडं दिल्लीची हवाही शिकवते. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. थंडीत थर सुकता सुकत नाही, आणि नोव्हेंबरच्या धुरक्यात खिडकी उघडायची सोय नाही, त्यामुळे टर्पेंटाइनचा वास घरभर. आधी बर्न्ट अंबरचा पातळ थर, तेलकट रंग नंतर. उलट केलं तर वरचा रंग तडकतो.

बघून, उतरवून शिकणं काही नवं नाही. खुद्द रविवर्म्यांना त्रावणकोर दरबारात चित्रकार थिओडोर जेन्सनने शिकवलं नाही, फक्त रंगवताना बघू दिलं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी आपले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली 1872 पासून अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवत होते; पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. आणि चोरी म्हणाल, तर रविवर्मा 1906 मध्येच गेले, कॉपीराइट केव्हाच संपला. मागे ‘रविवर्म्यावरून’ असं लिहिलं की झालं.

अडचण आहे ती समोर ठेवलेल्या छापील प्रतीची. सावलीतले रंग कागदावर एकजात काळपट होतात आणि थर कुठे जाड, कुठे पातळ, हे तर कळतच नाही. इंडिया गेटजवळ जयपूर हाउसमध्ये, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, रविवर्म्यांची अस्सल तैलचित्रं आहेत; त्यांच्यासमोर बसू दिलं, तर ही अडचणच उरणार नाही. पॅरिसच्या लूव्रमध्ये 1793 पासून लोक मूळ चित्रासमोर ईझल लावून बसतात. प्रतीचा आकार मुळापेक्षा वेगळा हवा आणि चित्रकाराची सही उतरवायची नाही, अशा साध्या अटी.

आपलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. त्या दिवशी दहा शिकाऊंना आत घ्या, जमिनीवर ताडपत्री अंथरा, अंतर आखून द्या, पहारा ठेवा, शुल्कही घ्या. टर्पेंटाइनची धास्ती असेल, तर पहिलं वर्ष आम्ही पेन्सिलीवर भागवू.