आपला कोयता परमुलखात

सभासद बंधूंनो, टोळी वेळेवर आली नाही की आपण मुकादमाच्या नावानं बोटं मोडतो. पण आपल्याच सेनगावकडची माणसं उचल घेऊन पार कर्नाटकापर्यंत तोडीला जातात, हे कुणी बोलत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं खाडा केला तरी दोघांची मजुरी बुडते. २०२१ साली शासनानं त्यांच्या पोरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, पण तान्हं मूल फडातच येणार.

आमचं मत असं, की टोळी उतरली की विहिरीचं पाणी अन् कोप्यांना कोरडी जागा सभासदानंच द्यावी. खुशाली मागतात ही तक्रार आमच्याकडं रोज येते. पाण्याचं कुणी विचारत नाही. उचल फिटेपर्यंत सगळे थांबणार नाहीत, पण काही कोयते तरी जिल्ह्यात राहतील. पुढच्या तोडणी करारांआधी गटाच्या बैठकीत आम्ही हाच विषय घेणार आहोत.