दरडोई उत्पन्न आणि मावळचा हिशेब

देशाच्या एकंदर वार्षिक उत्पन्नास लोकसंख्येनें भागिलें असतां जो आंकडा येतो, त्यास दरडोई उत्पन्न म्हणतात. भागाकार सोपा आहे. परंतु त्यावरून श्रीमंत व गरीब राष्ट्रांची तुलना करूं लागलें म्हणजे सुज्ञ लोकही फसतात. लोणावळें, वडगांव व तळेगांव येथील आमच्या व्यापारी वाचकांस जमाखर्चाची संवय आहे. सबब हा प्रश्न त्याच रीतीनें तपासणें बरें.

आपल्याकडे असा हिशेब प्रथम मांडण्याचें श्रेय दादाभाई नौरोजी यांस आहे. १८६७-६८ सालचें दरडोई उत्पन्न त्यांनीं सुमारें २० रुपये ठरविलें, आणि तें तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशीं ताडून पाहिलें. कैद्याचा खर्चच अधिक भरला! पुढें १९०१ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं हेंच उत्पन्न ३० रुपये सांगितलें. परंतु मधल्या काळांत धान्याचे भाव किती चढले, हें वजा घातल्यावांचून विसाचे तीस झाले म्हणून हर्ष मानणें व्यर्थ होय.

भावांचा फरक काढून टाकून अँगस मॅडिसन या अर्थशास्त्रज्ञानें जे अंदाज केले, त्यांप्रमाणें १८२० सालीं ब्रिटनचें दरडोई उत्पन्न आपल्या सुमारें तिप्पट होतें. १९५० सालीं तें अकरापट झालें. पारतंत्र्याचा हा जमाखर्च स्पष्ट आहे. पण कोणी म्हणेल कीं, सारा दोष परक्यांचाच. तर त्यानें चीनकडे पाहावें. १९९० च्या सुमारास जो देश जवळजवळ आपल्या बरोबरीस होता, त्याचें उत्पन्न आज चलनाच्या बाजारभावानें आपल्या सुमारें पांचपट आहे. चलनाचा भावही एकटा पुरा पडत नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेचें दरडोई उत्पन्न त्या मापानें आपल्या तीसपटींहून अधिक, तर खरेदीशक्तीच्या मापानें सुमारें आठपट होतें. कारण येथें रुपयास जितका माल मिळतो, तितका तेथें त्याच मोलास मिळत नाहीं.

राष्ट्राराष्ट्रांतील ही तफावत आपल्या तालुक्यांतही दिसते. मावळांत पाऊस विपुल. वळवणच्या तलावाचें पाणी घाटाखालीं खोपोलीस जाऊन १९१५ पासून वीज देतें, व तिनें मुंबईच्या गिरण्या चालविल्या. २००२ सालीं द्रुतगति महामार्ग पुरा झाला. संपत्ति मावळांतून वाहते. परंतु वाहणें निराळें आणि मुरणें निराळें. हिंजवडीच्या कचेरींतील पगार व आंदर मावळांतील भातशेतकऱ्याची मिळकत पुणें जिल्ह्याच्या एकाच सरासरींत मिसळतात, आणि सरासरी मात्र फुगलेली दिसते.

त्याहून मोठा भ्रम जमिनीच्या विक्रीचा आहे. बंगल्यासाठीं शेत विकलें, घरापुढें मोटार आली, लग्न थाटांत झालें, म्हणजे गांव सधन झालें असें लोक म्हणतात. व्यापाऱ्यांनीं विचार करावा : दुकानच विकून आलेला पैसा नफ्याच्या खातीं कोण लिहील? तें मुद्दल आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेंतही जमिनीची किंमत उत्पन्न म्हणून धरीत नाहींत. मुद्दल संपलें व पोरांच्या हातीं विद्या अथवा धंदा नसला, तर आजचा मालक उद्यां त्याच बंगल्याचा पहारेकरी होतो.

म्हणून आमची सूचना दुहेरी आहे. सरकारनें जिल्ह्याच्या सरासरीवर न थांबतां दर तालुक्याचें उत्पन्न, आणि गरिबांच्या वांट्यास त्यांतून काय येतें तें, दरसाल प्रसिद्ध करावें. आणि मावळकरांनीं विक्रीच्या पैशाचा पहिला वांटा मुलामुलींच्या शिक्षणास व उद्योगास लावावा. याच तळेगांवांत १९०८ सालीं लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणींतून पैसा फंडाचा कांचकारखाना उभा राहिला. तेव्हां पैसा थोडा होता. तो उद्योगांत घालण्याची बुद्धि मात्र होती. आज पैसा आला आहे. त्या बुद्धीचीच वाण पडूं नये.