रानवाटेवरील टोचन
आलापल्लीहून ताडगावमार्गे भामरागडकडे जाणाऱ्या सागवानी अरण्यमार्गावर मोटारसायकल बंद पडली, की मागून येणारा अपरिचित स्वार बहुधा थांबतो, प्लग काढून पुसून पाहतो, आणि यंत्र बधत नाहीसे दिसताच आपला एक पाय तिच्या मागच्या पायटेकणीवर रोवून, स्वतःच्या गाडीच्या बळावर, तिला पुढल्या गावातील मिस्त्रीपर्यंत रेटीत नेतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून अपघातग्रस्ताच्या मदतनिसास संरक्षण दिले, हे उचितच. परंतु निव्वळ नादुरुस्त वाहनाच्या साहाय्यकर्त्याची तजवीज त्यात नाही, आणि (सरकारी दस्तऐवजांचा एकंदर सोस पाहता) ती नसलेलीच बरी! असे टोचन करताना उतारावर मात्र पाय वेळीच काढून घ्यावा लागतो. पुढच्याचा ब्रेक मागच्याच्या हाती नसतो.