सायकलीचे निवांत मार्ग

रस्त्याची योग्यता कशी ठरवावी? कोणी त्याची रुंदी मोजतात. कोणी त्यावरून मोटार किती वेगानें धांवते तें पाहातात. आमच्या मतें खरी परीक्षा निराळी आहे. ज्या रस्त्यानें बारा वर्षांची मुलगी सायकलीवर बसून शाळेंत जाऊं शकते, आणि तिची आई घरीं निश्चिंत मनानें आपलें काम करूं शकते, तो रस्ता चांगला. हीच कसोटी हातीं घेऊन आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वाटा एकवार पाहूं या.

निसर्गानें या कामीं आपणांवर उपकारच केले आहेत. सह्याद्रीच्या घाटांत सायकलस्वाराचा दम उखडतो. आपल्याकडील डोंगर इतके निष्ठुर नाहींत. गडचिरोलीहून पूर्वेस धानोऱ्याकडे जाणारा सुमारें ३५ किलोमीटरांचा रस्ता घ्या. धानोरा जवळ येतां येतां मेंढा-लेखा हें गांव लागतें. २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांपैकीं तें एक होय. कुरखेड्याहून पुराड्यावरून कोरचीस निघालें म्हणजे बेडगांवचा घाट चढावा लागतो. आलापल्लीहून भामरागडची वाट उंच सागवानांतून जाते. या वाटेवरील हेमलकसा येथें १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्पाचें काम सुरूं झालें. चंद्रपूर जिल्ह्यांत गडचांदूरचे सिमेंटचे कारखाने मागें टाकले कीं माणिकगडच्या डोंगरांतून जिवतीचा चढ लागतो. आणि नागभीडकडे टेकड्यांच्या कुशींत घोडाझरीचा तलाव आहे.

मोटारींत बसून हे मार्ग तासा-दीड तासांत संपतात व डोक्यांत कांहींच राहात नाहीं. सायकलीवरून चैत्रांत मोहाच्या फुलांचा वास येतो. नाल्यावरील रपटा ओलांडतांना पाण्याचा गारवा पायांस लागतो. टोल्यावरचा म्हातारा हात जोडून ‘जोहार’ म्हणतो, आणि त्यास उलट जोहार करण्याइतका वेळ आपणांपाशीं असतो. भूगोलाच्या पुस्तकांत ‘पानझडी अरण्य’ असे दोन शब्द आहेत. फाल्गुनांत वाळलेल्या पानांच्या पाचोळ्यावरून ज्याचें चाक गेलें, त्यास ते दोन शब्द पाठ करावे लागत नाहींत.

परंतु निवांतपणा दोन प्रकारचा असतो, हें विसरतां कामा नये. एक शांततेचा व दुसरा भीतीचा. १९८० नंतर अनेक वर्षें या जंगलांतील कित्येक रस्ते निर्मनुष्य होते ते शांततेमुळें नव्हेत. १ मे २०१९ रोजीं कुरखेडा तालुक्यांतील जांभूळखेड्याजवळ रस्त्यांत पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटानें १५ पोलीस व त्यांच्या गाडीचा चालक असे १६ जण प्राणांस मुकले. ज्या वाटेची आम्हीं वर प्रशंसा केली, तिच्याच परिसरांतील ही गोष्ट आहे. तेव्हां आज तेथून मुलें सायकली हांकीत गेलीं, तर ती केवळ मौज नव्हे. तो रस्ता पुनः माणसांचा झाल्याची ती खूण होय.

मात्र भीती ओसरत आहे तोंच गर्दी चालून येत आहे. एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या डोंगरांतून २०२१ पासून लोहखनिजाचे अवजड ट्रक मोठ्या संख्येनें आलापल्ली व आष्टीच्या बाजूस धांवूं लागले. खाण असूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. लोखंडावांचून सायकल तरी कोठून येणार? पण जो रस्ता गांवाच्या पायांसाठीं व बैलगाडीसाठीं आंखला गेला, त्याच रस्त्यावर शेंकडों टनांचा भार लोटून देणें व बाजूस हातभर जागाही न सोडणें, हा न्याय नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्यें गडचिरोली-आरमोरी महामार्गावर काटली गांवाजवळ पहाटे व्यायामास निघालेल्या मुलांच्या अंगावर एक ट्रक गेला व चार मुलें दगावलीं. तीं मुलें कोणताही साहसाचा खेळ खेळत नव्हतीं. आपल्याच गांवाजवळ होतीं.

या प्रश्नाचें महत्त्व सहलीपुरतें नाहीं. मानव विकास कार्यक्रमाखालीं राज्य सरकार मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस शाळेंत जाण्यासाठीं सायकली देतें. सायकल दिली, पण ती चालविण्याजोगा रस्ता ठेविला नाहीं, तर ती ओसरीवर गंजत पडणार, आणि मुलीचें शिक्षण सातवीशींच थांबणार. तामिळनाडूंतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत १९९१ च्या साक्षरता मोहिमेंत हजारों ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. शेतमजुरी व दगडखाणींत काम करणाऱ्या बायाही त्यांत होत्या. अक्षरांबरोबर सायकल आली, आणि बसची वाट पाहात वा घरच्या पुरुषाच्या सवडीवर अवलंबून बसण्याचें त्यांचें पारतंत्र्य संपलें. जें तेथें झालें तें येथें कां होऊं नये?

आईबापांचा मोठा आक्षेप वाघाचा असतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत तो हंसण्यावारीं नेण्याजोगा मुळींच नाहीं. तथापि वाघाच्या तडाख्यांत सांपडणारे लोक बहुधा मोह, तेंदूपान, सरपण यांसाठीं रानांत शिरलेले, वांकून काम करणारे किंवा गुरें राखणारे असतात. यावरून भिऊन घरीं बसावें असें नव्हे, तर नियम पाळावे, हें सिद्ध होतें. पूर्ण उजाडल्यावांचून निघूं नये आणि दिवस कलण्यापूर्वीं परतावें. चौघांहून कमी जणांनीं जाऊं नये. रस्ता सोडून झाडींत शिरूं नये. वाटेंतील गांवांत किंवा वनरक्षकास विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. ताडोबाचा गाभा व तत्सम राखीव वनें वाघांचीं आहेत. तेथें सायकल नेण्याचा हट्ट धरूं नये. ज्येष्ठ-वैशाखांत, जेव्हां चंद्रपुरास पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हां सकाळीं दहाच्या आंत सायकल घरीं आलीच पाहिजे. पावसाळ्यांत रपट्यावरून पाणी वाहात असतां, तें घोट्याइतकें दिसलें तरी, पलीकडे जाऊं नये. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडची वाट कितीदां तोडली आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. सोबत पंप, पंक्चरचें सामान व पाणी असावें. आणि निघण्यापूर्वीं ब्रेक तपासावा, कारण चढावर ब्रेकची आठवण कोणासच होत नाहीं.

पालकांस आमची विनंती इतकीच, कीं मुलाच्या व विशेषतः मुलीच्या हातांतून सायकल काढून घेण्यापूर्वीं ग्रामसभेंत एकदां उभें राहावें. अवजड वाहनांस निराळी वाट द्या, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळीं त्यांस गांवांतून सोडूं नका, रस्त्याच्या कडेस सायकलीपुरती पक्की पट्टी ठेवा, असें लेखी मागावें. मूल घरांत कोंडून ठेवणें सोपें व ट्रक अडविणें कठीण, हें आम्ही जाणतों. पण सोपें तेवढेंच करीत गेल्यास रस्ता वेगवंताचाच होऊन बसेल.

आणि विद्यार्थ्यांनो, पुढील हिंवाळ्यांत तुम्हीं शिक्षकांसह यांतील एक तरी मार्ग सायकलीनें पाहावा. घरीं परतल्यावर किती किलोमीटर झाले हें सांगूं नका. वाटेंत किती गांवें लागलीं, त्यांचीं नांवें काय, कोणत्या नाल्यावर पूल नाहीं, आणि कोणत्या टोल्यावरील मुलें शाळेंत पायीं येतात, तें सांगा. ज्यास हें सांगतां येईल, त्यास आपला जिल्हा कळला असें आम्ही समजूं.