पेडल बसलं म्हणून लगेच इंजिन उतरवू नका

जुनी एमजी किंवा ट्रायम्फ मोटार सांभाळणाऱ्यांना कळकळीची विनंती. क्लचचं पेडल एकदम खाली बसलं आणि कुणी म्हणालं, "प्लेट गेली, इंजिन उतरवावं लागेल", तर लगेच होकार देऊ नका. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीत प्लेट बदलायला इंजिन बाहेर काढावंच लागतं. तो खर्च करण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या, कारण पेडल बसण्याचं मूळ बहुतेक वेळा तेलात असतं.

यातल्या बहुतेक गाड्यांत पेडल आणि क्लच यांच्यामध्ये केबल नसते, ब्रेक ऑइल असतं. मास्टर सिलिंडर ते पुढे ढकलतो, गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर आपल्या दांड्याने फोर्क हलवतो आणि क्लच सुटतो. या वाटेत कुठे गळती झाली किंवा हवा शिरली की पायाला जोर लागतच नाही. आपल्या मुंबईच्या हवेत हे लवकर होतं. दिंडोशीत आरेच्या झाडीला लागून असलेल्या सोसायट्यांत पावसाळाभर गाडी कव्हरखाली उभी असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडतात आणि त्यावर घासून रबर कापलं जातं.

आधी बोनेट उघडून क्लचच्या तेलाची डबी बघा. मग पेडलजवळचा गालिचा उचला. तिथे ओल असेल तर मास्टर सिलिंडर गळतोय. स्लेव्हवरचं रबरी बूट मागे सारा, आत ओलं असेल तर दोष तिथला. बाहेर कुठेच थेंब नाही, पण पाय दाबून धरला की पेडल हळूहळू खाली सरकतं, अशा वेळी मास्टरचं आतलं रबर तेल थोपवत नाही. दोन-तीनदा पंप केल्यावर जोर आला, तर हवा शिरली आहे.

एवढं करून कळलं नाही, तर कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजा. एमजीबीत तो साधारण अर्धा इंच सरकायला हवा. कमी सरकला तर पेडलजवळची पिन आणि तिचं भोक झिजलंय का बघा. ही झीज पुष्कळ जण पाहतच नाहीत आणि सिलिंडर बदलत बसतात. दांडा पूर्ण सरकूनही गिअर घासत असतील, तरच दोष आत आहे. महिनोन् महिने उभ्या गाडीची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तेव्हाही हेच होतं. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, ही मात्र प्लेट झिजल्याची खरी खूण.

गाडीखाली जाताना फक्त जॅकवर भरवसा ठेवू नका, घोड्या लावा. डबीत इंजिन ऑइल चुकूनही ओतू नका, त्याने रबर फुगतं आणि सगळे सील बदलावे लागतात. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइलच घाला. ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नुसतं नवं रबर किट घालणं म्हणजे पैसे वाया, गळती परत सुरू होते. सिलिंडरला लेथवर स्लीव्ह बसवून घ्या किंवा तो नवाच घ्या. दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, तेल बदला.

आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावर पेडल बसलं, तर गिअर टाकून स्टार्टरवर गाडी रेटत दिंडोशीच्या गर्दीतून नेऊ नका. गाडी डावीकडे घ्या आणि टोइंगवाल्याला बोलवा.

आणखी एक मागणं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. जुन्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्रीही आता थकत चालले आहेत. तुमचा मिस्त्री हे काम करत असेल तेव्हा शेजारी उभे राहा, गॅरेजमधल्या पोरालाही बोलवा आणि त्याच्या हातून एकदा तरी ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा काढण्याचं काम, करून घ्या.