खोली रिकामी आहे, पण कुणासाठी?

"पैसा टाकला की जात-धर्म कोणी विचारत नाही." शेवगावच्या एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीपासून मुंबईतल्या शिकल्यासवरल्या मुस्लिम मित्रांच्या बैठकीपर्यंत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते आता आपल्या समाजाचं तत्त्वज्ञानच होऊन बसलं आहे. मुलगा इंजिनीअर झाला, दुबईला गेला, चांगल्या हॉटेलात उतरू लागला, म्हणजे भेदभाव संपला असा त्याचा अर्थ. हे वाक्य खोटं तर आहेच, शिवाय घातकही आहे. अपमान करणाऱ्याला ते मोकळं सोडतं आणि ज्याचा खिसा रिकामा आहे त्यालाच दोषी ठरवतं.

हे मी पंचतारांकित हॉटेलात राहून आल्यानंतर लिहितो आहे. गेल्या हिवाळ्यात एका परिसंवादासाठी मुंबईला जाणं झालं. राहण्याचा खर्च संयोजकांचा होता, एरवी अशा ठिकाणी उतरण्याची आपली ऐपत नाही. हॉटेल जुनं, पण नुकतंच नवं करून उघडलेलं. लाकडाच्या पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड घेतलं, नाव वाचलं, हसून स्वागत केलं आणि दोन मिनिटांत कार्ड परत दिलं. खोलीतले पडदे बटणावर सरकत होते. जानमाज मिळेल का म्हणून फोन केला, तर दहा मिनिटांत घडी घातलेली स्वच्छ जानमाज आली. आणणाऱ्या पोराने समुद्राच्या बाजूला हात करून किब्ल्याची दिशाही सांगितली. मेहमाननवाजीत काही कमी नव्हतं आणि तसं उगाच म्हणणार नाही. फक्त त्या एका रात्रीचं भाडं आमच्याकडे महिनाभर कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या हाती पडणाऱ्या मजुरीहून जास्त होतं.

आता दुसरी रात्र सांगतो. दोन वर्षांपूर्वी मामूंना उपचारासाठी एका मोठ्या शहरात न्यावं लागलं. रुग्णालयाजवळच्या लॉजवर दुपारीच फोन केला होता. "खोल्या आहेत, या," असं उत्तर मिळालं. रात्री साडेदहाला पोहोचलो. मॅनेजरने आधार कार्ड घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, "काका, फुल झालंय." त्याच्या मागच्या फळीवर सात-आठ किल्ल्या लटकत होत्या. पुढच्या लॉजवाल्याने सांगितलं, "फक्त फॅमिलीला देतो." मामूंच्या शेजारी मामी उभ्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी आम्ही विचारायला गेलोच नाही. मामूंनीच "चल, दवाखान्यात बसू" म्हटलं. ती रात्र रुग्णालयाच्या व्हरांड्यात गेली.

दोन्ही ठिकाणी नाव तेच, दाढी तीच, आधार कार्डही तेच. बदललं होतं फक्त बिल. म्हणजे महागड्या हॉटेलाने पूर्वग्रह संपवलेला नाही. पूर्वग्रहापासून एका रात्रीची सुटका त्याने भाड्यात धरली आहे. ज्याला परवडते त्याला ती मिळते. पण मुंबई-पुण्याला परिसंवादासाठी जाणारे किती आणि आजारी बापाला घेऊन जाणारे किती? शेवगावातून रात्रीच्या एसटीने निघणाऱ्या माणसाला गरज असते ती रुग्णालयापासून चालत जाता येईल अशा, पाच-सातशे रुपयांच्या खोलीची. आणि नाव वाचून नकार मिळतो तो नेमका तिथेच.

हा एकट्यादुकट्याचा अनुभव म्हणून सोडून देता येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मालदा जिल्ह्यातून सरकारी कामासाठी कोलकात्याला आलेल्या मदरसा शिक्षकांना सॉल्ट लेक भागातल्या गेस्ट हाऊसमधून, आसपासच्या लोकांचा आक्षेप आहे असं सांगून, बाहेर काढण्यात आलं. बुकिंग आधीच केलेलं होतं. त्या प्रकरणात पोलिसांनी अटकाही केल्या. मार्च २०२२ मध्ये दिल्लीत एका काश्मिरी तरुणाला बुकिंग असूनही खोली नाकारली गेली. हॉटेलवाल्यांनी पोलिसांच्या आदेशाकडे बोट दाखवलं, पण असा कोणताही आदेश दिला नसल्याचं दिल्ली पोलिसांनी जाहीर केलं. बुकिंग घेणाऱ्या कंपनीने ते हॉटेल आपल्या यादीतून काढून टाकलं. कोलकाता, दिल्ली लांब वाटत असेल तर आपल्या शेजारी पाहा. पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना बंदी घालणारा ठराव २०२५ मध्ये ग्रामसभेत झाला. कानिफनाथांच्या त्या यात्रेत पिढ्यान्‌पिढ्या दुकान लावणाऱ्यांना त्या ठरावाने परकं ठरवलं. जी हवा यात्रेत वाहते, तीच लॉजच्या काउंटरवरही येते.

लॉजवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "सुरक्षेचं कारण आहे." त्याचाही विचार करू. २६ नोव्हेंबर २००८ नंतर हॉटेलांत ओळखपत्रांची तपासणी कडक झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ओळखपत्र घेतात ते कोण आलं याची नोंद राहावी म्हणून. कुणाला परत पाठवायचं याची निवड करण्यासाठी ते घेत नाहीत. नोंद सगळ्यांची करा, झेरॉक्स सगळ्यांची ठेवा, कॅमेरे लावा, कोण नाही म्हणतो? एका धर्माचं नाव दिसताच किल्ली आत सरकवणं याने कुणाची सुरक्षा वाढते?

त्या हल्ल्यात जळालेलं ताजमहाल पॅलेस दुरुस्त करून १५ ऑगस्ट २०१० रोजी पूर्णपणे पुन्हा उघडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा तिथे उतरले. ती वास्तू पुन्हा उभी राहिली याचा सगळ्या देशाला अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहणारी साधी माणसं मारली गेली, त्यांत मुस्लिम प्रवासीही होते. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुस्लिम संस्थेने नकार दिला, हाही इतिहास आहे. संगमरवर, झुंबरं, लाकडी जिने वीस-एकवीस महिन्यांत पूर्ववत झाले. साध्या लॉजच्या रजिस्टरात जो संशय शिरला, त्याची दुरुस्ती करायला मात्र कुणी कारागीर लावले नाहीत.

ताजबद्दल एक दंतकथा सांगतात. जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात 'फक्त गोऱ्यांसाठी' म्हणून प्रवेश नाकारला गेला, म्हणून त्यांनी त्याहून भव्य हॉटेल बांधलं, आणि ते १९०३ मध्ये उघडलं. या कथेला ठोस पुरावा नाही. तरी ती लोकांना आवडते, कारण तिचं तात्पर्य सोयीचं आहे. कुणी दारातून परत पाठवलं तर स्वतःचं मोठं दार बांधा! पण टाटा असेल तो बांधील. ज्याच्याकडे औषधाचे पैसे जेमतेम आहेत त्याने काय बांधायचं? देश असा चालत नाही. देश चालण्यासाठी कायदा लागतो.

आणि कायदा आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचं दुसरं कलम काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यापासून अडवता येत नाही, असं त्याचं म्हणणं आहे. मूलभूत हक्क बहुतेक सरकारविरुद्ध असतात, हा मात्र खाजगी मालकालाही बांधतो. 'हॉटेल माझं आहे, खोली कुणाला द्यायची ते मी ठरवीन' हे म्हणणं २६ जानेवारी १९५० पासून या देशात चालत नाही.

संविधानात हॉटेल हा शब्द येणं किती गरजेचं होतं, हे मसुदा समितीच्या अध्यक्षांच्या आयुष्यात पाहायला मिळतं. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया आणि लंडनमधलं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत ते पारशी नाव लावून राहिले. रोजचं भाडं ठरलं होतं आणि ते द्यायची त्यांची तयारी होती. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. पदवी होती, नोकरी होती, भाड्याचे पैसे होते. 'पैसा टाकला की कोणी विचारत नाही' म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचं उत्तर द्यावं. बाबासाहेबांनी त्यातून 'आणखी पैसे कमवा' असा धडा घेतला नाही. त्यांच्या हातून जे संविधान आकाराला आलं, त्यात हॉटेलाचं दार सगळ्यांना कायद्यानेच उघडं झालं.

इथवर वाचून माना डोलावणाऱ्या माझ्या मुस्लिम बांधवांनी आता थोडं थांबावं. बाबासाहेबांनी आणखी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर सगळ्यांनी हातपाय धुतले. तेव्हा हौद बाटवला म्हणून ओरडत त्यांच्या अंगावर धावून आले ते मुसलमान होते. दौलताबाद आपल्यापासून फार दूर नाही आणि १९३४ हाही फार जुना काळ नाही. आपल्या दारावर 'फुल झालंय' म्हणणाऱ्याला जाब विचारायचा असेल, तर त्या हौदावर उभे राहिलेले आपलेच लोक आठवावे लागतील. आजही आपल्या मोहल्ल्यात खोली भाड्याने देताना काय काय विचारलं जातं? बिरादरी कोणती, मसलक कोणतं, मांग-महारांपैकी तर नाही ना? हे प्रश्न विचारणाऱ्याने संविधानाच्या नावाने गळा काढू नये.

आपली मूळ शिकवण याच्या उलट आहे. कुरआनात जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत मुसाफिर आहे. घरी श्रीमंत असलेला माणूसही वाटेत अडला तर त्याचा हक्क लागतो. याच शिकवणीतून आपल्या भागात सराया आणि खानकाहा उभ्या राहिल्या. पैठणवरून पुढे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलात, तर पाणचक्की बघता. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि निघून जातात. ती जागा ज्या सूफींच्या दर्ग्याची आहे त्यांचं नावच बाबा शाह मुसाफिर. लांबून नळांनी आणलेल्या पाण्यावर ती चक्की फिरायची आणि खानकाहेत उतरणाऱ्या फकीर-मुसाफिरांच्या भाकरीचं पीठ दळायची.

ही एकट्या मुसलमानांची मिरास नाही. गाडगेबाबांनी लोकांकडून पै पै जमवून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या. ज्यांना पंढरीत कुणी उंबऱ्यावर उभं करत नसे त्यांच्यासाठी बांधलेल्या पंढरपुरातल्या धर्मशाळेला त्यांनी चोखामेळ्याचं नाव दिलं आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा आजही मुंबईत कॅन्सरवर उपचार घेणाऱ्यांचा आणि त्यांच्या नातेवाइकांचा आधार आहे. स्वतः बाबांच्या हातात खराटा आणि मडकं यापलीकडे काही नव्हतं.

आपल्याकडे काय आहे? एसी हॉलमधले वलिमे, फुलांचे स्टेज, ड्रोनचं शूटिंग, शंभर पदार्थांचं दस्तरखान. एका वलिम्याच्या खर्चात दहा खाटांची खोली वर्षभर चालेल. वक्फच्या जमिनींबद्दल आपण मोर्चे काढतो आणि काढलेच पाहिजेत. पण गावोगावच्या मुतवल्लींना एक प्रश्नही विचारला पाहिजे. ज्या मुसाफिरासाठी कुणीतरी ही जमीन दिली होती, तो आज तिथे झोपू शकतो का?

तेव्हा दोन कामं मांडतो.

पहिलं, नकार गिळू नका. पुढच्या वेळी लॉजवाला फुल म्हणाला तर वेळ, तारीख, माणसाचं नाव लिहून घ्या, फोनवरच्या बोलण्याची नोंद ठेवा, आणि पोलीस ठाण्यात व नगरपालिकेत लेखी तक्रार द्या. रुग्ण अंगावर असताना हे जमत नाही, मला ठाऊक आहे. म्हणून ते काम गावातल्या वकिलांनी आणि शिक्षकांनी अंगावर घ्यावं. सोबत आपल्या हिंदू, बौद्ध मित्रांना न्यावं. असे मित्र शेवगावात आजही भरपूर आहेत. आणि लॉजला परवाना देताना १५ व्या अनुच्छेदातलं हे कलम दर्शनी भागात मराठीत लावायची अट घालावी, ही मागणी आपल्या नगरसेवकांनी सभेत करावी.

दुसरं, शेवगाव तालुक्यातल्या सगळ्या जमातींनी मिळून नगरला रुग्णालयांच्या जवळ दहा खाटा उभ्या कराव्यात. जकातीचे नियम उलेमांना विचारून पाळा, बाकी खर्च सदक्यातून आणि लोकवर्गणीतून करा, म्हणजे तिथे कुणालाही राहता येईल. रजिस्टरात चार रकाने पुरेत : नाव, गाव, रुग्णाचा वॉर्ड, मोबाइल नंबर. जातीचा आणि धर्माचा रकाना नको. येत्या जुम्याच्या नमाजनंतर पाच मिनिटं थांबून एवढंच बोला की पहिली खाट कोण देतो.