पायरीचे मोल

आपल्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा दुष्काळामुळे, नाही तर ऊसतोडीमुळे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी मात्र ते निराळ्या कारणाने देशभर गेले. दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले असताना, बीडच्या सचिन धसने ९६ धावा काढल्या आणि कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागी करून हातचा गेलेला सामना परत आणला. अंतिम सामना आपण हरलो. तरी त्या खेळीचे कौतुक सर्वांनी केले.

पण ही स्पर्धा म्हणजे शिखर नव्हे, ती पायरी आहे. १९८८ साली ऑस्ट्रेलियात ती प्रथम भरली, तेव्हा लारा, इंझमाम, जयसूर्या हे पुढे जगाला ठाऊक झालेले खेळाडू तेथे पोरसवदा वयात खेळले. मग दहा वर्षे खंड पडला. १९९८ पासून ती साधारण दर दोन वर्षांनी होऊ लागली. २००० साली चषक जिंकणाऱ्या संघातला युवराज सिंग त्याच वर्षी भारताच्या मुख्य संघात आला. उलट २०१२ च्या अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करणाऱ्या उन्मुक्त चंदला ते दार कधीच उघडले नाही. तो पुढे अमेरिकेला गेला. पायरी संधी देते, हमी देत नाही.

मग चांगली पायरी कोणती? अमेरिकेत गोल्फ खेळणाऱ्यांसाठी १९९० साली ‘बेन होगन टूर’ नावाची दुय्यम स्पर्धामालिका सुरू झाली. वर्षभर गावोगावी स्पर्धा, साऱ्या बक्षिसांची बेरीज, आणि पहिल्या पाच जणांना वरच्या मालिकेत प्रवेश, अशी तिची रीत होती. मालिकेचे नाव पुढे अनेकदा बदलले, पण मालिका टिकली. एखादे दिवशी हात चालला नाही, तरी पुढच्या स्पर्धेत पुन्हा उभे राहता येते, हे तिचे मर्म. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. खेळ घेऊ नये, रीत घ्यावी.

आपल्याकडे काय दिसते? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक सामना हरला, की संघाचे वर्ष संपले! आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि तेथे त्याचे धावणे घडले; २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळविले. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याच्या तालमीत घडला आणि २०१८ साली राष्ट्रकुल सुवर्णपदक घेऊन आला. माती आपली, पायऱ्या मात्र परक्या. जे सैन्यात वा पुण्याला जाऊ शकले नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार?

त्यातच दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. आईबापांबरोबर कित्येक विद्यार्थी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोयता घेऊन जातात. थंडीत भरणाऱ्या स्पर्धेत त्यांचे नाव कसे लागावे? त्यांच्या अंगात दम नाही असे कोण म्हणेल? पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्यास दम शिकवावा लागत नाही.

म्हणून माझे मत असे, की जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मिळून जुलै ते सप्टेंबर या काळात दर रविवारी साखळी स्पर्धा घ्याव्यात. पाऊस आपल्याकडे तसा बेताचाच! धावणे, कुस्ती, कबड्डी, क्रिकेट यांचे गुण तीन महिने मोजावेत आणि त्या बेरजेवर संघ निवडावा. यास मोठे स्टेडियम लागत नाही. एक मैदान, फक्की, शिट्टी आणि नियमाने येणारे प्राध्यापक एवढे पुरे. मुलींच्या स्पर्धा त्याच दिवशी, त्याच मैदानावर व्हाव्यात.

पदक आल्यावर सत्कार करणे सोपे आहे. हरलेल्याला पुढच्या रविवारी पुन्हा बोलावणे अवघड आहे. पण खेळाडू त्यानेच घडतात.